रंगावरून घेतलेलं माप

बाबा, मले कामावरून काढलं नाही, हे पयले सांगून टाकतो, नाहीतर तुमचं पुढच्या वाचण्यात ध्यान लागणार नाही. फक्त हातातलं मीटर काढून घेतलं अन खरवडणी दिली. आता महिनाभर मी पाईपावरचा रंग खरवडायचा, माप दुसरे लोक घेतील. असं काहून झालं ते लिहायले बसलो आहे. नववीतून पळालेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

मी सध्या गुजरातेत समुद्राकाठच्या एका मोठ्या कारखान्यात आहे. तुमी गेले त्याले दहा वर्षं झाली. तेवढ्यात पुणे झालं, सुरत झालं, मधे आणखी कुठी कुठी झालं, मलेच नीट आठवत नाही. एका जागी दोन पगार झाले की माह्या पायाले खाज सुटते, हे तुमाले नवीन नाही. इथं काम असं की पाईपाची भिंत आतून किती झिजली ते बाहेरून मीटर टेकवून मोजायचं. पाईप एवढे आहेत की दरवर्षी सगळे मोजणं कोणालेच जमणार नाही. म्हणून इंजिनियर लोक फळ्यावर चौकोन आखतात. एका बाजूनं हा पाईप फुटायची शक्यता किती, दुसऱ्या बाजूनं फुटला तर काय काय जाईल. त्यावरून त्याले लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठरवतात. लाल आधी पाहायचा, हिरवा काही वर्षं सोडून द्यायचा. हे पयल्यांदा शिकवलं तेव्हा बाकीचे लिहून घेत होते अन मी हसून राहिलो होतो. इंजिनियरनं विचारलं, "क्या हुआ?" म्हटलं, "कुछ नहीं सर, ये तो मेरे बाप का धंदा है." सगळा वर्ग हसला.

पण तुमचंच होतं ना ते. अकोल्याची तेलमिल, पावसाळ्याची बंदी, बॉयलर थंडगार. तुमी हातोडी घेऊन एकेक पाईप ठोकता, कान देता, पुढं सरकता. सरकी निवडणाऱ्या बाया ज्या भिंतीपाशी बसतात तिथला पाईप सगळ्यात आधी, गोदामामागचा शेवटी. शेठ म्हणतात, मागचा जास्त जुना आहे, तो आधी पाहा. तुमी मान वर न करता म्हणता, "शेठ, तो फुटला त भिंत भिजन. हा फुटला त बाया भाजतीन." जिथं आवाज बरोबर येत नाही तिथं खडूची फुली. फळा नव्हता, एवढाच फरक.

अन मग तो दसरा. मी सतरा वर्षांचा, शाळा सुटलेली, दुसरं काम नाही. शेठनं जठारपेठेतून चांदीच्या रंगाचे डबे आणवले होते, पूजेले मशीन अन पाईप चमकले पाहिजेत म्हणून. मी दोन दिवसांत सगळं रंगवलं. शेठ खुश. तुमी जेवणाचा डबा हातात घेऊनच आत आले अन बायांच्या भिंतीपाशी उभे राहिले.

"फुल्या कुठी आहेत बे?"

"रंगाखाली."

"रंग लावला का पाईप नवा होते काय?"

"दसरा आहे ना बाबा."

"दसरा तुह्या-माह्यासाठी आहे. पाईपाले काय मालूम?"

पूजा झाली, झेंडूच्या माळा लागल्या, सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी तुमी मले तिथंच बसवलं अन सगळा रंग खरवडून घेतला. संध्याकाळी आई चुलीपाशी भाकर थापत होती. तुमी तिले म्हटलं, "याले तूप जास्त वाढ, हात सोलले त्याचे." मी रागानं तूप बाजूले सारलं अन मग सगळं खाल्लं.

एवढं असूनही मी तेच केलं, बाबा. दोन वर्षांपूर्वी, याच कारखान्यात. मोठे साहेब येणार म्हणून पाईपांवर थरावर थर रंग चढवला होता. नियम असा की प्रत्येक ठिकाणचा रंग काढायचा, उघडं लोखंड दिसलं की मगच मीटर टेकवायचं, कारण मीटर रंगालेही लोखंडात धरते अन जाडी जास्त दाखवते. हे मले पक्कं माहीत होतं. पण संध्याकाळच्या गाडीनं मले दुसऱ्या गावच्या कामावर पळायचं होतं अन परांचीवर उन्हानं जीव जात होता. माह्यासोबत ओडिशाचा एक वयस्क माणूस होता, मी आकडे सांगायचो, तो लिहायचा. म्हटलं, "दादा, रंगावरूनच घेऊ." तो म्हणाला, "नियम तो छीलने का है." मी म्हटलं, "तुम लिखो ना." त्यानं लिहिलं. पाईप हिरव्यात गेला.

यंदा फिरून इथं आलो. मागच्या आठवड्यात बाजूच्या परांचीवर चढलो तर त्या पाईपावर मार्करनं काढलेले माह्या हाताचे वाकडे आकडे दिसले. खाली आता पत्र्याचं शेड झालं आहे, झाडणाऱ्या बाया दुपारी तिथं डबे खातात. मी एका जागचा रंग खरवडला तर खालून एक बाई ओरडली, "भैया, कचरा दाल में गिर रहा है." मी मीटर टेकवलं. मग फिरून टेकवलं. आकडा फारच कमी होता; तो पाहून मी पयले त्या बायांना तिथून उठवलं, मग इंजिनियरकडे पळालो.

पाईप बंद झाला. इंजिनियरनं सगळ्यांपुढं पाठ थोपटली, चहा मागवला. मग जुना कागद काढला. अक्षर दादाचं, सही दादाची. म्हणाले, "इसका गेट पास बंद करवाओ." पास बंद म्हणजे दादाची रोजीच बंद, तो अजून याच कारखान्यात आहे. मी चहा प्यालो, बाबा. पूर्ण प्यालो.

तीन दिवस तसेच गेले. पास बंद करायचा कागद अजून वर गेला नव्हता. चौथ्या दिवशी कँटीनमध्ये दादा माह्यासमोर ताट घेऊन बसला. त्याले कोणी काही सांगितलं नव्हतं. म्हणाला, "सुना, तुमने पकड़ा. बहुत अच्छा किया." अन स्वतःच्या ताटातला पापड माह्या ताटात ठेवला. माह्याच्यानं तो खाल्ला गेला नाही.

काल सकाळी इंजिनियरकडे गेलो. म्हटलं, "सर, वो माप मेरा था. रंग के ऊपर से लिया. दादा ने मना किया था." त्यांनी तो जुना कागद फिरून काढला. मग म्हणाले, "उस दिन क्यों नहीं बोला?" दादाचा पास राहिला. आता माह्या हाताने झालेली सगळी मापं फिरून घेणार आहेत, अन रंग काढायले मीच.

तुमाले वाटन, पोट्टा सुधरला. तसं समजू नका. तुमी असते तर रविवारी तुमचा फोन आला असता, काय करून राहिला म्हणून विचारलं असतं, अन मी म्हटलं असतं, सगळं बरं आहे, जेवलो. इंजिनियरले सांगितलं, पण तुमाले जिवंतपणी हे सांगितलं नसतं.