चावतो, हे आधी लिही

३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

वहिनीची मान आता वळते आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला सांग, पुन्हा कपाटावरची ट्रंक स्वतः काढायला गेलीस तर मी येऊन तुलाच कपाटावर ठेवीन.

आता कामाचं. आमच्या निवाऱ्यात सध्या त्रेसष्ट कुत्री आहेत आणि पिंजरे आहेत पन्नास. मंडळाची परवा बैठक झाली. दोन वर्षांपेक्षा जास्त राहिलेली कुत्री ३१ मेला गावाबाहेरच्या खाणीजवळच्या आवारात हलवायची, असं ठरलं. तिथे पाणी आहे, सावली आहे, रखवालदार आहे. पण तिकडे माणूस फिरकत नाही, दादा. आमच्याकडे निदान रविवारी चार घरं बघायला येतात. तिकडे गेलेलं कुत्रं म्हणजे फडताळात मागे सरकवलेली बरणी. मी अध्यक्षांना सांगून आले, की त्या तारखेपर्यंत त्यांतल्या माझ्याकडच्या चारही कुत्र्यांना घरं मिळवते. ते हसले. अंगावर घेतलंय खरं, आणि मी ते पार पाडणार आहे.

चौघं असे. मास्तर म्हातारा आहे आणि ठार बहिरा. सुई आणि दोरा या सख्ख्या बहिणी, एकमेकींशिवाय राहत नाहीत. आणि खडूस, साडेतीन वर्षं आमच्याकडे आहे.

तू एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या टेबलावर बसलास. जुन्या शिलाई मशिनीपासून उपवर मुलांपर्यंत सगळं खपवलंस. माझी जाहिरात सोबत पाठवते आहे. ‘गोड, प्रेमळ, कुटुंबात रमणारा’ असं लिहून तीनदा छापली, एकही माणूस आला नाही. जरा बघतोस का?

कळावे. तुझा लोभ आहेच, तो या चौघांतही वाटून दे.

तुझी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जाहिरात वाचली. वहिनीलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, की हे चारही जण एकच कुत्रं वाटतात.

अगं, ‘प्रेमळ’ हा शब्द मी एकतीस वर्षांत इतक्यांदा छापला, की त्याची धार पार गेली. आमच्या टेबलावर येणारा प्रत्येक मुलगा सुस्वभावी आणि निर्व्यसनी. वाचणारा अशा ओळींवरून नजरही न थांबवता पुढे जातो. तो थांबतो ते खऱ्या गोष्टीपाशी. एकदा एका गृहस्थांनी सायकल विकायला काढली आणि ‘घंटी वाजत नाही, बाकी सर्व वाजते’ असं लिहून दिलं. संध्याकाळपर्यंत सायकल गेली.

तेव्हा मला प्रत्येकाची नीट माहिती पाठव. आधी दोष लिही. दुपारी चार वाजता तो काय करत असतो ते लिही. कोणाशी पटत नाही, काय मोडलं, कोणी परत आणून सोडलं असेल तर का, ते सगळं लिही. गुण शेवटी, आणि एकच.

वहिनी आशीर्वाद सांगते. ट्रंक अजून कपाटावरच आहे, असंही कळवते.

तब्येतीला जप, आणि माया असू दे.

तुझा,
दादा


१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू मागितलंस तसं लिहिते. दुपारभर लेखणी चावत बसले होते. दोष लिहायला हात धजत नव्हता.

मास्तर: अकरा वर्षांचा असावा. हाक मारून उपयोग नाही, समोर जाऊन हात दाखवावा लागतो. चार वाजता घोरत असतो, ते फाटकापर्यंत ऐकू येतं. जिना चढवत नाही. गुण म्हणजे, भुंकलेला कोणी ऐकला नाही.

सुई आणि दोरा: वय पाच. एकीला फिरायला नेलं की दुसरी दार कुरतडते. आजवर तीन दारं झाली. एकदा सुईला दवाखान्यात ठेवावं लागलं, तर दोराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. गुण म्हणजे, दोघी एकमेकींना इतक्या पुरतात, की माणसाला दिवसभर कामावर जाता येतं.

खडूस: वय सात. डाव्या डोळ्याने दिसत नाही. जरा तुसडा आहे. सवयीने माणसाळतो.

एवढंच. लवकर लिहून पाठव. दिवस भराभर जातायत.

ममत्व राहू दे.

धाकटी


२० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मास्तर आणि दोघी बहिणींच्या जाहिराती सोबत आहेत. आमच्या जुन्या टेबलावर आता माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी बसते. तिने रविवारच्या अंकात जागा ठेवली आहे. बहिणींच्या जाहिरातीची पहिलीच ओळ ‘दोघी आहेत, एक मागू नये’ अशी केली आहे. मास्तरच्या जाहिरातीत घोरणं ठेवलंय, तू खोडू नकोस.

खडूसची जाहिरात लिहिली नाही. तू लहानपणी बशी फोडलीस, की त्या दिवशी तुझं शुद्धलेखन फार सुंदर यायचं. खडूसबद्दलच्या तुझ्या चार ओळी तशाच सुंदर आहेत. साडेतीन वर्षं कुत्रं राहतं ते नुसतं तुसडं म्हणून नाही. राहिलेली ओळ पाठव.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

दादा


१६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावले होते म्हणूनच महिनाभर पत्र नाही. आता आनंदाची बातमी सांगायचीय, आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

मास्तर गेला! म्हणजे घरी गेला. बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे एक गृहस्थ आले. त्यांचं आधीचं कुत्रं म्हणे प्रत्येक सुराला सूर लावायचं, शेजाऱ्यांनी तक्रारी करून जीव नकोसा केला होता. त्यांनी मास्तरच्या मागे उभं राहून गाल फुगवून एक लांब सूर काढला. बाकीच्या बासष्ट कुत्र्यांनी आवार डोक्यावर घेतलं. मास्तर घोरत होता. गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसू दाबायला कोठीत पळाले.

सुई-दोराला आधी एक जोडपं आलं होतं. जाहिरात वाचूनही त्यांना एकच हवी होती. बाई रडल्या, मीही रडले, पण दिली नाही. पुढच्या रविवारी एक सुतार आला. दारांचं काय ते त्याने तीनदा विचारून घेतलं, कुरतडलेली चौकट बोटाने चाचपून पाहिली, आणि म्हणाला, की लाकूड हलकं वापरलंय, कुत्रीचा दोष नाही. दोघींना घेऊन गेला. वर आम्हाला एक दार करून देणार आहे.

आता खडूस. तू ओळखलंस, दादा. तो चावतो. पहिल्या घरातून सहाव्या दिवशी परत आला, दुसऱ्या घरातून एकोणिसाव्या. दोन्ही घरांत खाताना कोणीतरी डाव्या बाजूने गेलं. दोन्ही घरांना मी आधी सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, माया लागली की थांबेल. तिसरी मी. दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताला खिळा लागल्याचं तुला लिहिलं होतं ना, तो खिळा खडूस होता.

पण हे छापलंस तर त्याला कोण घेईल? तूच सांग. चावणारं कुत्रं मागून कोणी घरी नेतं का? हात जोडते, ‘तुसडा’ एवढंच लिही. बाकीचं मी समोर आलेल्या माणसाला सांभाळून सांगेन.

तुझी,
धाकटी


२१ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खिळ्याबद्दल तुला नंतर बोलेन. आधी एक गोष्ट सांगतो. वहिनीलाही ती काल पहिल्यांदाच सांगितली.

बावीस वर्षांपूर्वी एका मुलाने लग्नाच्या जाहिरातीचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. त्यात एक ओळ होती, की मला अधूनमधून फिट येते, औषध चालू आहे. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. म्हणाले, की मुलगा वेडा आहे, एवढी ओळ काढा, बाकीचं आम्ही समोरासमोर सांभाळून सांगू. मी तांबड्या पेन्सिलीने ओळ खोडली. लग्न झालं. त्यांनी सांभाळूनही सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी ती मुलगी ऑफिसात आली. आरडाओरडा केला नाही. म्हणाली, की फिट येते याचं मला काही नाही, आताही मीच सगळं बघते. पण पहिल्यांदा आली तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, हे चालले. मी दाराशी नुसती उभी राहिले. माहीत असतं तर निदान डोकं तरी धरलं असतं. नवरा तर ओळ लिहिली होती असं म्हणतो, मग ती कोणी काढली, असं तिने विचारलं. मी म्हणालो, जागा अपुरी पडली असेल.

ती गेली. तिला खरं सांगायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही आणि नंतर ती भेटली नाही.

तेव्हा धाकटे, मी आता ओळ खोडणार नाही. तुझ्या कुत्र्याचा दोष चावणं हा आहेच, पण दोन्ही घरांनी त्याला परत आणलं ते फसल्यासारखं वाटून. ज्याला आधीच माहीत आहे, तो फसत नाही, तो सावध राहतो. जाहिरात सोबत आहे. छापायची की नाही ते तू ठरव. तुझ्या होकाराशिवाय पुढे जाणार नाही.

‘खडूस. वय सात. डाव्या डोळ्याने दिसत नाही. चावतो. खाताना डावीकडून जवळ गेल्यास चावतो, एरवी नाही. आजवर तिघांना चावला, त्यांत त्याला रोज खायला घालणारी एक. दोन घरांतून परत आला. दोन्ही घरांना हे सांगितले नव्हते, ती चूक आमची. लहान मुले असलेल्या घरी देणार नाही. गुण: अंगावर उड्या मारत नाही, पण तुम्ही ज्या खोलीत बसाल तिथे येऊन बसतो.’

तो शेवटचा गुण मी मनचा लिहिलेला नाही. तू दोन वर्षांपूर्वीच्या खिळ्याच्याच पत्रात सहज लिहिला होतास.

सुखी राहा.

दादा


२४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाहिरात छाप म्हणून तुला तार केल्यासारखं दोन शब्दांचं कार्ड टाकलं, त्यानंतर आज लिहिते आहे. तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. त्या मुलीचा विचार मनातून जात नाही. पण तू इतकी वर्षं हे एकट्याने वागवलंस, याचा मला जास्त राग आला.

जाहिरात आली आणि आठवडाभर शुकशुकाट. एक पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, की असलं जनावर ठेवता कशाला. अध्यक्षांनी अंक माझ्यासमोर आपटला आणि विचारलं, की बाई, तुम्हाला कुत्रं द्यायचंय की अडवायचंय? मी म्हणाले, की द्यायचंय, एकदाच.

मग एका रविवारी तुमच्याच गावाहून एक बाई बसने आल्या. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, तळमजल्यावर दोन खोल्या. दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहेत, तेही लहान मुलांच्या. माझ्यापुढे दहा बोटं धरून म्हणाल्या, की बघा, सत्तावीस वर्षं झाली, मला आठवड्याला एक तरी पोरगं चावतं. कोण कधी चावणार हे एखाद्याची आई आधी सांगते, तेव्हा मला तिचे पाय धरावेसे वाटतात.

त्यांनी खडूसला हात लावला नाही. पिंजऱ्यात त्याच्या उजवीकडे पाट घेऊन बसल्या आणि सोबत आणलेलं विणकाम काढलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आज तिसरा रविवार. आज त्याची थाळी त्यांनी मांडली. मी दाराशी उभी. त्याने खाल्लं, तोंड पुसल्यासारखं त्यांच्या पातळाला पुसलं आणि पाटाशेजारी बसला. संध्याकाळी बाई त्याला घरी घेऊन गेल्या.

दादा, खाणीकडे जाणारी गाडी एकतीस तारखेला यायची आहे. माझ्या चौघांतलं कोणीही तिच्यात बसणार नाही. अध्यक्षांना मी सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी पुढच्या पाच कुत्र्यांसाठी तीन महिने मुदत दिली आणि जाहिराती तुझ्याकडूनच लिहून घ्या म्हणाले.

बाईंचा पत्ता सोबत आहे. तुझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. जाऊन ये ना. मला धीर धरवत नाही.

तुझी,
धाकटी


२२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल संध्याकाळी वहिनी आणि मी बाईंकडे जाऊन आलो. तुला खरं तेच कळवायचं ठरलंय, म्हणून वाईट आधी. खडूस चावला.

मागच्या आठवड्यात बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान राहायला आले होते. भावोजी स्वतःला कुत्र्यांतले जाणकार समजतात. कुत्र्याला धाक पाहिजे, असं म्हणत त्यांनी डावीकडून जाऊन भरली थाळी ओढली. अंगठ्याला दोन टाके पडले. आम्ही गेलो तेव्हा ते तिथेच बसले होते, अंगठा झेंड्यासारखा वर धरून. माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी मला जाब विचारला, की असल्या कुत्र्याची जाहिरात करायला लाज नाही वाटत? मी उत्तर देण्याआधीच बाई आतून अंक घेऊन आल्या. त्यांनी तो त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, की सगळ्या गावाने वाचलं, तुम्हीच राहिलात.

खोलीत त्या एवढंसं बोलल्या आणि पुन्हा विणायला लागल्या. खडूस त्यांच्या उजवीकडे पसरला होता. आम्ही आलो तेव्हा त्याने एक डोळा उघडून आमची नोंद घेतली आणि मिटला. वहिनीला तो फार आवडला. माझ्यासारखाच दिसतो म्हणाली.

तरी दोनदा परत आलेलं कुत्रं, आणि आता टाके. निघताना दाराशी मी हळूच विचारलं, की आता परत पाठवणार का?

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आत एकवार नजर टाकली आणि तितक्याच हळू आवाजात विचारलं, की कोणाला, भावोजींना?

आम्हा दोघांचा लोभ तुझ्यावर आहे तसाच आहे. तो दोषांसकट गोड मानून घे.

तुझा,
दादा