डोळा ओढणारी जागा

स्कारबरो,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सिरील,

फोन सोडून मेल कशाला, म्हणून दचकू नकोस. फोनवर तू मध्येच विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले. इथे सगळे ठीक. थंडी पडलीय, विंटर टायर अजून घातले नाहीत म्हणून फ्रँकलिनची कुरकुर चालू आहे. नवराच तो, कुरकुरणारच. तुझ्या लेकीच्या, ॲमंडाच्या लग्नासाठी आमचे कपडे घेऊन झाले.

एक वाईट बातमी आहे. माझ्या डॉक्टर इंट्रियागो गेल्या. तुझ्याकडून मी दरवर्षी सुकेळी मागवायचे ना, ती त्यांच्यासाठी. बाई एक्वाडोरच्या, तिकडेही आपल्या वसईसारख्या केळीच्या बागा. त्या काळी बाईमाणसाने एक्स-रे वाचायचा म्हटलं की तिथल्या डॉक्टरांना हसू यायचं. बाईंनी सरळ ट्रकवर मशीन चढवलं आणि बागाबागांतून मजुरांच्या छात्या तपासत फिरल्या. पुढे तेच हसणारे त्यांच्या हाताखाली शिकले. पन्नाशीला मुलांपाठी टोरंटोला आल्या, सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या. मला रेडिऑलॉजी शिकवली ती त्यांनीच.

त्यांची एक खोड होती. एक्स-रेच्या फिल्ममध्ये डोळा आधी जिथे ओढला जातो, ती जागा सगळ्यात शेवटी बघायची. आधी हाडं, मान, हृदय. नाहीतर बाकीचं सुटतं, म्हणायच्या. मी घाई केली की हातावर चापट बसायची.

मार्चमध्ये त्यांनी मला एक फिल्म दाखवली, स्क्रीनवरचं नाव कागदाने झाकून. मी क्रमाने सगळं वाचलं, शेवटी त्या जागेवर आले आणि बोलून गेले की फार उशीर झालाय. बाईंनी कागद काढला.

"माझीच आहे," म्हणाल्या. "खोकला होता. म्हटलं, नातीच्या लग्नानंतर बघू."

मला त्यांचा इतका राग आला, सिरील. अजून गेलेला नाही.

आणि परवा तू तुझ्या एक्स-रेचा फोटो पाठवलास. खाली लिहिलंस, कफच आहे ना गं बाय, बाकी लग्नानंतर बघू.

बघ, मीसुद्धा इथवर आजूबाजूचंच लिहीत आले. तुझी हाडं चांगली आहेत. हृदय चांगलं आहे. उजव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला जे आहे, तो कफ नाही. नुसत्या फोटोवरून त्याला नाव देणार नाही मी. पण टीबी निघू दे म्हणून प्रार्थना करतेय, आणि असली प्रार्थना मी जन्मात कधी केली नव्हती.

उद्या सकाळी उठून सीटी स्कॅन करून घे. मांडव, बँड, केक सगळं पडू दे तसंच. बायकोला सांग, लपवू नकोस. मी रविवारी पोचतेय. ॲमंडाला हात धरून चर्चमध्ये तूच न्यायचंस, तिथे दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघायचं नाही.

तुझी, फार घाबरलेली बहीण,
बाय