काळ्या चोचीचा सुरय

१२ नोव्हेंबर

चि. पिंगळीस,
अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. तूही बरी असशील असं धरून चालतो. फोन केला की "कामात आहे, बाबा, नंतर बोलते," म्हणतेस, आणि कामातल्या माणसाला आजारी पडायला सवड नसते, असं तुझी आई म्हणायची.

घरी विशेष काही नाही. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या. जिन्यात "काय, आज कुठे?" असं विचारणारं आता कोणी नाही. विचारणारं कोणी नसलं की माणूस बाहेर पडायचंही टाळतो, हे मला या वयात कळलं. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला. प्लंबर गप्पिष्ट निघाला, म्हणून त्याला न्हाणीघरातलाही दाखवला. तो चांगला चालत होता.

परवा संग्रहालयात जाऊन आलो. माझ्या जागी जे आलेत ते वयाने तुझ्याएवढेच असतील. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला सर. "सुरयांच्या खणाबद्दल जरा बोलायचं होतं, वेळ मिळेल तेव्हा या," असा त्यांचा निरोप होता. वेळेचं म्हणशील तर मी दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. त्यांनी खण आधीच बाहेर काढून ठेवला होता. डांबरगोळ्यांचा तोच वास, आणि कापूस भरलेले ते चिमुकले पक्षी पाठीवर ओळीने झोपलेले.

"सर, पायांना नव्या नावाच्या चिठ्ठ्या मी बांधून घेतो," साहेब म्हणाले. "तुम्ही बसा, चहा घ्या."

"पहिल्या मी बांधल्यात," मी म्हणालो. "दोरा द्या इकडे."

तर पिंगळे, तुझा लेख छापून आला हे तू मला कळवलं नाहीस. म्हणून मीच तुला कळवतो.

त्या बेटावरून मी हे पक्षी आणले तेव्हा तू चौथीत होतीस. छोट्या सुरयाची चोच विणीच्या दिवसांत पिवळी होते. यांची घरट्यावर बसल्यावरही काळीच होती, आणि शेपटीकडचा भाग करडा. माझी खात्री झाली की ही जात निराळी. तिला मी तुझ्या आईचं नाव दिलं, मागे लॅटिन शेपूट लावून. आई म्हणाली, "कानातलं आणलं असतं तर घालता तरी आलं असतं." पण पाहुणे आले की ते नाव छापलेला नियतकालिकाचा अंक कपाटातून तीच काढायची. तू माझ्या टेबलाशी स्टुलावर उभी राहून शेपटीवर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "बाबा, हा ओल्या सिमेंटचा रंग आहे."

आता जरा अवघड भाग येतो.

गेल्या वर्षी त्या नियतकालिकाच्या संपादिकाबाईंनी मला एक हस्तलिखित तपासायला पाठवलं. रीतीप्रमाणे लेखकाचं नाव काढलेलं. समुद्रपक्ष्यांच्या एका अख्ख्या कुळाची वंशावळ होती ती. कुरव, सुरय, आणि या दोघांची फाटाफूट व्हायच्या कितीतरी आधी वेगळी झालेली ती काळपट मंडळी. सगळं जुन्या नमुन्यांच्या तळपायांतून खरवडलेल्या कणांतल्या डीएनएवरून शोधलेलं. आमच्या पिढीने शेपटीची खाच बघून या सगळ्या सुरयांना एकाच प्रजातीत, म्हणजे जातींच्या एकाच घराण्यात, कोंबलं होतं. नुसत्या रूपावर जाऊ नये, हे लग्न जुळवणाऱ्यांनाही कळतं. आम्हाला कळायला तुम्ही मुलं यावी लागलीत.

शेवटच्या भागात आईचा पक्षी होता. तो निराळा नाही, तो छोटा सुरयच, जुनं नाव हेच खरं नाव, असा निष्कर्ष होता. आणि शेपटीचं वर्णन: ओल्या सिमेंटसारखी करडी. जगात असं लिहिणारी एकच बाई आहे.

तेव्हा मला उमगलं की तू फोन का टाळतेस. तोवर मी समजत होतो, आईच्या आजारपणात माझ्या हातून काहीतरी चुकलं असणार. काय चुकलं ते शोधत बसलो होतो.

लेखक आपलाच माणूस आहे हे कळल्यावर हस्तलिखित परत पाठवायचं, असा नियम आहे. मी दुसऱ्यांना शिकवलेला नियम. मी पाठवलं नाही. पण तुला झुकतं माप दिलं नाही, आईलाही नाही. दुसऱ्या एका संग्रहालयात दोन नमुने आहेत, अर्धी चोच पिवळी, अर्धी काळी. मला ते नाव दिल्यानंतर पुष्कळ वर्षांनी दिसले होते. तुला माहीत नव्हते. ते तपासले की मी दिलेल्या नावाखालची उरलीसुरली जमीन जाणार होती. मी लिहिलं, हेही तपासा.

तुझं उत्तर आलं. "परीक्षकांचे मनःपूर्वक आभार," अशी सुरुवात. जेवायच्या टेबलाशी बसून मी ते मोठ्याने वाचलं.

दुसऱ्या फेरीत काही विचारायचं उरलंच नव्हतं. तरी विचारलं. छोटे सुरय बाकीच्या सुरयांपासून केव्हा आणि कसे वेगळे झाले, ते अधिक खुलासेवार लिहावं, म्हणून. मला ते नीट समजलं होतं. तू पानंच्या पानं लिहिलीस, मंद विद्यार्थ्याला समजवावं तसं, कुठेही न चिडता. आई गेल्यापासून माझ्याशी एवढं कोणी बोललं नव्हतं.

लेख स्वीकारला गेल्यावर संपादिकाबाईंना मी फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाकीच्या दोन्ही परीक्षकांचं मत तेच होतं, त्यामुळे लेखाला धक्का नाही. पण यापुढे तुमच्याकडे काही पाठवता यायचं नाही."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो.

ती वाट बंद झाली. म्हणून हे पत्र.

तू रागावशील. रागाव. पण फोन करून रागाव.

आणि एक सांगतो, कारण तू रात्र रात्र जागून याच गोष्टीचा घोर लावून घेतला असशील. तुला लहानपणी पिंगळी नाव उगाच नव्हतं पडलं. आपल्या शास्त्रात एकदा दिलेलं नाव कोणी खोडत नाही. जुन्या नावाखाली ते कायम लिहिलेलं राहतं, आणि त्या प्रजातीतल्या दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याला ते पुन्हा देता येत नाही. जुन्या चिठ्ठ्याही काढत नाहीत. मी नव्या त्यांच्या शेजारी बांधल्या. खोटं कशाला सांगू, पहिली गाठ मी दोनदा सोडून पुन्हा बांधली. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. भला माणूस आहे. पण काम पुरं करूनच उठलो. तू आईचं काही पुसलेलं नाहीस. पुसलंस असं समजून तू दूर राहिलीस, त्याचंच मला वाईट वाटतं.

लेख फार चांगला झालाय. हे परीक्षकाने लिहिलं होतं, पण बापानेही म्हणायला हवं.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. न कळवता आलीस तरी चालेल, मी घरीच असतो. फक्त बेल वाजवलीस की थांब. गुडघ्यामुळे दारापर्यंत यायला मला हल्ली वेळ लागतो, आणि घरात कोणी नाही असं समजून लोक परत जातात. तू जाऊ नकोस.

तुझा
बाबा