सिनेमात परत आलेली सून

सिनेमावाल्या नातवास,

सांगतेय मी, लिहितेय तुझी बहीण; चुका तिच्या, शहाणपण माझं. तुझा सिनेमा आम्ही फोनवर आवाज बंद करून पाहिला, कोपऱ्यावर सैनिक असतात ना. त्यात मी झालेली बाई भारीच रडकी निघाली. मी त्या सैनिकांसमोर कधी रडले रे?

पण शेवटी तू तुझ्या आईला घरी परत आणलंस. सैनिकांनी तिला नेल्यापासून तुझा बाप गप्पच होता. सिनेमात तिने दार वाजवलं आणि इथे हा उठला, आमचं दार उघडून थेट रस्त्यावर गेला. संचारबंदी होती. त्यांनी त्याला तिथेच गोळी घातली.

हे पत्र टाकायचं नाही, असं तुझ्या बहिणीला बजावलंय. कळलं, तर तू घरी यायला निघशील.

तुझी, न रडणारी
आजी