पेटंटच्या दाव्यात मामांचा आवाज

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? तुम्ही सांगता तेवढा दुखतो, की मामी सांगतात तेवढा? मी ठीक आहे, म्हणजे नोकरी आहे तोवर ठीक आहे.

मी प्रयोगशाळेत काय करतो, हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि उत्तर सुरू झालं की पेपर उघडता. तरी पुन्हा सांगतो. पेशीने औषधाचं प्रथिन बनवावं म्हणून आम्ही तिच्यात बाहेरून एक जनुक घालतो. पण पेशी कामचुकार (तुमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखी), बनवते चिमूटभर. मला असं सापडलं, की जनुक घातल्यावर तिला ठरावीक अंशांवर गार ठेवलं, तर ती मुकाट्याने चौपट काम करते. आमच्या डायरेक्टरबाई पेटंटच्या अर्जातले स्वल्पविराम सुधारत बसल्या, आणि तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने तीच पद्धत आपल्या नावावर करून घेतली. आता ते म्हणतात, तुम्ही हे काम बंद करा. काम बंद म्हणजे मी घरी.

एक फट मात्र आहे. त्यांच्या अर्जाआधी कोणी ती पद्धत चारचौघांत सांगितली असेल, तर त्यांचं पेटंट रद्द होतं. आणि मी सांगितली होती, मामा, तुमच्या निवृत्तीच्या समारंभात! दोन शब्द बोल म्हणून तुम्हीच मला उभं केलंत (चूक तुमची). मी तुमच्या गुणांपासून सुरुवात केली, ते लवकर संपले, म्हणून जनुकांवर आलो. मामींनी सगळं मोबाईलवर टिपलं.

आमच्या वकीलसाहेबांनी ते कोर्टात मोठ्या आनंदाने लावलं. पेशी किती अंशांवर ठेवायच्या ते मी सांगायला लागतो, आणि नेमक्या आकड्यावर घर्रर्र! (तुम्ही पहिल्या रांगेत, मामींच्या शेजारी होतात.) आकडा खालून पुसट ऐकू येतो. पण समोरचे वकील म्हणतात, तो मागाहून घातलाय आणि जोड लपवायला वर कुठल्याशा यंत्राचा आवाज भरलाय. माणसाच्या घशातून असा आवाज निघूच शकत नाही.

असो. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा

ता.क. तुम्ही आयुष्यात कधी घोरला नाहीत, फक्त डोळे मिटून विचार करता, हे मला मान्य आहे. एकदाच कोर्टात येऊन उलट सांगाल का? मनापासून विनवतो, मामा. मला दुसरं कुठलंच काम येत नाही.

ता.क. २ नाही म्हणालात तरी राग नाही. मामींना कालच फोन केला होता, त्या साक्षीला एका पायावर तयार आहेत. आवाज ताडून पाहायला त्यांच्याकडे जुनी रेकॉर्डिंगही आहेत म्हणे. कोणत्या वर्षाचं आणू, एवढंच त्यांनी विचारलंय.