स्टोअर्सचं टेबल सापडत नाही

सोमवार, ७ जुलै, सकाळी
अख्खी पंप कंपनी ज्या ईआरपी सॉफ्टवेअरवर चालते, ते काल एकट्याने अपग्रेड केलं. सूचनांमधली एक पायरी गाळली. माझ्या अनुभवाच्या माणसाला तिची गरज नव्हती. आयटी मॅनेजरची जागा रिकामी आहे. प्लांटचे प्रमुख यादवसाहेब आज बोलावतील.

दुपारी
बोलावलं. वेगळ्या कारणासाठी. स्टोअर्सची स्क्रीन उघडत नाही. 'टेबल डेफिनिशन नॉट फाउंड.' म्हणजे मालाचे आकडे जागेवर आहेत, पण कुठल्या रकान्यात काय आहे हे प्रोग्रामला कळत नाही. किरकोळ. संध्याकाळपर्यंत होईल असं सांगून टाकलं.
स्टोअर्स चैताली सांभाळते. बायको असली तरी ऑफिसात मी तिला मॅडम म्हणतो. तिने विचारलं, लाइनला पार्ट द्यायचे कसे? म्हटलं, धीर धरा मॅडम.

मंगळवार, ८ जुलै
सर्व्हर रीस्टार्ट केला. पुन्हा केला. तीच एरर. असेंब्ली लाइन बंद. तिथला सुपरवायझर सावळीराम दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, पोरं बसून हायेत सर, काय सांगू त्यांना? नेटवर्कचा प्रॉब्लेम सांग म्हटलं.
चैतालीने कागदाच्या चिठ्ठ्या लिहून पार्ट द्यायला सुरुवात केली. याने शिस्त बिघडते. तसं बोललो, तर तिने चिठ्ठ्यांचं दुसरं पॅड उघडलं.
उद्या बॅकअप लावतो. विषय संपला.

बुधवार, ९ जुलै
बॅकअपची डिस्क दिवाळीपासून फुल. तसा मेसेज रोज यायचा, पण पिवळ्या रंगात. महत्त्वाचं असतं तर लाल दिला असता.
जेवण गेलं नाही. साहेबांच्या सांगण्यावरून पुण्याच्या सपोर्टला फोन लावला. ज्योत्स्ना मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, अपग्रेडनंतर डेफिनिशन्स इम्पोर्ट केल्या होत्या का? हीच ती पायरी. आवाज कट होतोय असं सांगून फोन ठेवला. कशाला कुणाचे उपकार? डेफिनिशन मीच हाताने लिहीन.

गुरुवार, १० जुलै
लिहिली. स्क्रीन उघडली. डोळ्यांत पाणी आलं.
सावळीराम वाकून बघत म्हणाला, सर, आपल्याकडं चाळीस हजार मोटरी नाय, तो पार्टचा कोड हाये. रकाने थोडेसे सरकले असावेत. पण तोवर स्क्रीन बघून खरेदीवाल्यांनी मोटरींची ऑर्डर रद्द केली होती.
साहेब ओरडले नाहीत. मोटरवाल्यांना स्वतः फोन लावला. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसलो. नोकरी गेली तर आईला काय सांगायचं?

शुक्रवार, ११ जुलै
ज्योत्स्ना मॅडमना मीच फोन केला. राहिली ती पायरी, म्हटलं. बरं, म्हणाल्या आणि माझ्या मशीनचा ताबा घेतला. मी चहा प्यायला गेलो. परत आलो तर स्टोअर्सची स्क्रीन चालू. आकडे बरोबर.
योग्य माणसाकडून काम करून घेणं, मॅनेजर म्हणजे दुसरं काय? साहेबांना तसा मेल टाकला. प्रमोशनचा विषयही हळूच काढला. उत्तर आलं, उद्या भेटा.

शनिवार, १२ जुलै
साहेब म्हणाले, अश्विन, तू जरा सर्व्हरपासून लांब राहा. सोमवारपासून माझी बदली स्टोअर्सला. आठवडाभराच्या चिठ्ठ्या सिस्टिममध्ये मी भरायच्या.
ठीक आहे. वर जाण्याआधी असा अनुभव हवाच. फक्त सोमवारी सकाळी जरा निवांत यावं म्हणून नव्या बॉसकडे हाफ डे मागितला.
चैताली म्हणाली, अर्ज करा.