दोन पाकळ्यांची झडप

७ नोव्हेंबर २०२२
गो. परत आला. (पूर्ण नाव लिहून ही वही बाटवायची नाही.) शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील चालू आहे तोवर जामीन. म्हणजे दादाला, माझ्या सख्ख्या भावाला मारणारा माणूस आता दिघोरीत चार घरं सोडून राहणार. लाखांदूरच्या बसमधून उतरला तो जणू सासुरवाडीचा पाहुणचार घेऊन आला.
सब्बल, लोखंडी पहार, घेऊन गेलो. दाराचा कडीकोयंडा उखडला. पुढचा घाव त्याच्या टाळक्यात घालणार होतो, पण छातीत काहीतरी ओढलं, अंधारी आली आणि त्याच्याच अंगणात आडवा झालो. चौघांनी उचलून आणलं. वहिनी दारातच होती.
"एवढंच जमलं का भाऊजी तुमाले?"
चार वर्षं झाली दादाला जाऊन. तिचा आवाज अजून तोच, चितेजवळचा.

१० नोव्हें.
लाखांदूरच्या डॉक्टरने नागपूरला पिटाळलं. इको झाला. डॉ. मॅडम वयाने माझ्याहून लहान. म्हणाल्या, हृदयाची झडप तीन पाकळ्यांची असते, तुमची दोनच पाकळ्यांची आहे, जन्मापासून. त्यामुळे वरची महाधमनी फुगली आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तशी. धानाचे कट्टे उचलायचे नाहीत, राग करायचा नाही. राग काय नळ आहे, बंद करायला?
आणि झडप. कोर्टात माझी साक्ष होती. बोडीच्या, शेततळ्याच्या काठावर पाण्यावरून वाद झाला, गो.ने दादावर झडप घातली, छातीत ठोसा मारला, दादा जागच्या जागी कोसळला. डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं. हा शब्द कागदावर चढला तेव्हा झडप त्या हरामखोराचीच होती.
मॅडमनी विचारलं, घरात कोणी अचानक गेलं का?
"भाऊ."
"कशाने?"
"मारला. पोस्टमार्टेममध्ये महाधमनी फुटली लिहिलंय."
त्यांनी पेन खाली ठेवला आणि माझा इकोचा कागद पुन्हा पाहिला. त्या पाहण्यानेच माझं डोकं फिरलं. टेबलावरच्या काचेवर मूठ आपटली. काच तडकली, हात कापला. मलमपट्टी त्यांच्याच नर्सने केली.

११ नोव्हें.
माफी मागितली. मनापासून नाही.
मॅडमचा काही अभ्यास चालू आहे. माझ्यासारख्या झडपेच्या लोकांच्या रक्तात अशा खुणा शोधतात की कोणाची धमनी फाटायला आली ते आधीच कळावं. अजून पक्कं काही नाही, सध्या भरवसा इको आणि सीटी स्कॅनचा, हे त्यांनीच सांगितलं. म्हटलं, घ्या रक्त. बाटल्या भरताना डोक्यात एकदम आलं.
"दादाचा शर्ट कोर्टात जमा आहे. ओठ फुटला होता, रक्त आहे त्यावर. त्यातून सांगा, ठोसा की धमनी."
"वाळलेल्या रक्तातून हे कळत नाही हो. ताज्यातूनही अजून नीट कळत नाही."
"मग तुमचं मत सांगा."
"ठोशाने फुटली असेल. नुसत्या भांडणाने बीपी चढूनही फुटली असेल. मी नाही सांगू शकत. भावाला मुलं आहेत?"
एक मुलगी आहे. पायल.
इको करा म्हणाल्या, लवकर. तिच्यातही दोन पाकळ्या निघाल्या तर त्या भावाकडूनच आल्या, असं जवळजवळ धरून चालायचं.
बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने नुसतं "कुठचे?" विचारलं, त्याच्यावर खेकसलो.

१५ नोव्हें.
पायल शाळेच्या मैदानावर गोळा फेकत होती. पोलीस भरती तोंडावर आहे. गो.सारख्यांना फरपटत न्यायचं, एवढ्यासाठी तिला खाकी हवी. श्वास रोखते, मान लालबुंद होते, मग गोळा सुटतो. दर वेळी वाटे, आता आत फुटलं. ओरडलो, थांब.
"काका, कायले ओरडून राहिले? सगळे पाहून राहिले ना."
दम लागतो का विचारलं. म्हणे, सगळ्यांलेच लागते.
वहिनीला सांगायलाच हवं. आणि सांगितलं की गो. अर्धा सुटला. माझ्याच तोंडाने. जीभ हासडून टाकावी वाटतं.

१९ नोव्हें.
सांगितलं. वहिनी पितळी गुंडात, घागरीत, पाणी भरत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि तोच गुंड माझ्या तोंडावर फेकला. भुवई फाटली.
"त्याच्या वकिलानं शिकवलं का तुले? माह्या नवऱ्याची धमनी खराब होती? खराब तू हाय."
लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून पहिल्यांदा अरे-तुरे. मग चुलीतलं जळकं लाकूड उचललं. पायल मध्ये पडली नसती तर डोळा गेला असता. मी हात उचलला नाही. चूक तिची नव्हती.
रक्त पुसताना पायल म्हणाली, "मंग माह्या बापाले कोनं मारलं, काका?"
गेली चार वर्षं हे उत्तर मी झोपेतही दिलं असतं. आज तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि रक्त स्वतःच पुसलं.

२४ नोव्हें.
बोडीच्या पाळीवर, बांधावर, गो. समोर आला. दादा कोसळला त्याच जागी. वाट सोडली नाही, उलट उभा राहिला.
"एकच ठोसा मारला मी. तुह्या सामने. एका ठोशानं मानूस मरते का? आत बसून हेच विचारून राहिलो."
त्याला काही ठाऊक नाही. इको नाही, झडप नाही, काही नाही. मी त्याचा गळा धरला. दोन्ही अंगठे आत रुतवले. माझ्या छातीत घण पडत होते, सोड म्हणत होते, मी आणखी दाबलं. तो निळा पडत गेला, पण दोन्ही हात पाठीमागे धरून उभा. ढकललंसुद्धा नाही. माझेच डोळे अंधारले म्हणून पकड सुटली.
तो खोकत खाली बसला. म्हणाला, "मी हात नाई लावत तुले. कोनालेच नाई लावत आता. बायकोलेबी नाई."
पाळीवर दोघे बसून राहिलो, धापा टाकत. सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्याची कीव आली याचाच जास्त संताप आला.

२८ नोव्हें. नागपूर
पायल स्वतःहून तयार झाली. म्हणाली, भरतीत मेडिकल होतेच, आधीच पाहून घेऊ. वहिनी न बोलावता बसमध्ये चढली. लाखांदूरपासून इथवर माझ्याकडे पाठ करून बसली.
इकोच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितो आहे. दोन निघाल्या तर मॅडमचा कागद घेऊन मला पुन्हा कोर्टात उभं राहावं लागेल, गो.च्या बाजूने. तीन निघाल्या तर पायल वाचली, आणि दादाचं कधीच काही कळणार नाही. मला तीनच हव्यात. कशासाठी जास्त हव्यात, ते स्वतःला विचारायची हिंमत नाही.
वहिनी मघापासून डोळे मिटून पुटपुटते आहे. कान दिला तर एवढंच, पुन्हा पुन्हा, "माह्या पोरीची चांगली निघू दे. अन त्यानंच मारलं असू दे."
आत पायलचं नाव पुकारलं.